नागराज सोडायचा असतो

मामांच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की मामी ओट्यावर फडकं फिरवायची आणि माझी आठ वर्षांची मामेबहीण सतरंजीवर तो खोका उघडायची. त्यात दोन फासे, पत्त्यांचा गठ्ठा आणि प्रत्येकासाठी पुठ्ठ्याचा एक पिंजरा. पत्त्यांवर पंखांचे घोडे, आग ओकणारे ड्रॅगन, तीन डोक्यांचा कुत्रा, शेपटीच्या जागी मासा असलेला वाघ. पत्ता उलटायचा, फासे टाकायचे. पत्त्यावरच्या आकड्याएवढं किंवा त्याहून मोठं दान पडलं की तो प्राणी आपल्या पिंजऱ्यात. दुसऱ्याच्या पिंजऱ्यातला प्राणी पळवताही येतो. सात वेगवेगळे प्राणी ज्याचे आधी होतील, तो जिंकला. खेळाला चार भिडू लागतात. मी यायच्या आधी खोका कपाटावर धूळ खात होता, असं मामी कौतुकाने सगळ्यांना सांगते. चौथी भिडू मी.

हे कसं सांगावं ते मला नीट कळत नाही, कारण माझी तक्रार अशी काहीच नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. शिराळ्याजवळच्या आमच्या गावातून मी सांगलीला कॉलेजात आले, तेव्हा मामांनी एका शब्दात सांगितलं, "पोर आमच्याकडं ऱ्हाईल." विश्रामबागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बाहेरच्या खोलीतला दिवाण माझा झाला. मामी माझ्या डब्यात चपातीला तूप जास्त लावते. पण कॉलेजातली अभ्यासिका संध्याकाळी उघडी असते, आणि संध्याकाळी मला घरी परतायचं असतं, कारण जेवण आणि मग डाव. डाव संपला की त्याच खोलीत अंथरुणं पडतात आणि दिवा जातो. एकदा मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसले, तर मामी उठून आली. "डोळं घालवून घेशील. झोप आता," म्हणाली आणि मायेने बटण बंद केलं. पहिल्या सत्रात माझे दोन विषय राहिले. ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत मुलींच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली. रेक्टर बाईंनी मला बोलावून विचारलं आणि सोमवारपर्यंत सांग म्हणाल्या. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. राहिलेल्या विषयांचंही त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "मामाचं घर असताना पोर वसतिगृहात गेली, तर लोकं म्हणतील मामीनं घालवली. तू काय बोलू नको. म्या शनिवारी येतो, म्या बोलतो."

आबा आले ते वांगी, हरभऱ्याची भाजी आणि काकवीचा डबा घेऊन. मामीने भाकरी केल्या, त्यांच्या वांग्यांचंच भरीत केलं. जेवताना आबा दोनदा घसा खाकरले. दोन्ही वेळा मामीने त्यांना भाकरी वाढली. मी ताटाकडे बघत राहिले. मग सतरंजी पडली आणि मामा म्हणाले, "दाजी, आज तुमी बसा. मी नुसता बघतो."

आबांनी फासे हातात घोळवून टाकले, सारीपाटाला टाकतात तसे. थोड्या वेळाने त्यांनी पत्ता उलटला तो नागराजाचा निघाला. पाच फणे, डोक्यावर मणी. त्याला पुरे बारा लागतात आणि तो ज्याच्या पिंजऱ्यात असेल त्याचे प्राणी कुणाला पळवता येत नाहीत. आमच्यातल्या कुणाला तो क्वचितच मिळतो. आबांना बारा पडले.

मामेबहीण जवळजवळ त्यांच्या मांडीवर चढली. "आबा, तुम्हीच जिंकणार आता."

आबांनी पत्ता कपाळाला लावला. समोर सतरंजीवर ठेवला, क्षणभर हात जोडले आणि तो परत गठ्ठ्यात सरकवला.

"आबा, असं नाही करायचं. तो तुमचा होता."

"माझा कसा? धरला म्हंजी माझा व्हतो व्हय?"

"दाजी, पुठ्ठ्याचा हाय त्यो," मामा हसत म्हणाले. "चावत न्हाई."

"चावायचं न्हाई रं." आबा तरुणपणी पंचमीच्या आधी गावच्या पोरांबरोबर नाग धरायला जायचे. आता ते बंद झालं, मातीच्या नागाची पूजा होते. "आमी मडक्यात आणायचो. पुजला की जिथनं आणला तिथंच नेऊन सोडायचा. ठिवून घ्यायचा न्हाई. कितीबी जपा, मडक्यात त्यो खात न्हाई."

ते हे बोलले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील.

पण मामीच हसली. "आमच्या पिंजऱ्यात तसं न्हाई हां, दाजी. बघा की तुमच्या लेकीकडं. आली तवा काडी हुती नुसती."

सगळे हसले. आबाही हसले, जरा उशिरा. मग ते फाशांकडे बघत म्हणाले, "व्हय, ते खरं हाय. लय केलंसा तुमी तिचं." त्यानंतर डाव पुढे चालला. जिंकली मामेबहीण.

सकाळी मी आबांना एसटीपर्यंत सोडायला गेले. थांब्यावर त्यांनी टोपी काढून हातात धरली. "बोलणार हुतो गं. कोण कुणाची लेक इतकी जपतं? त्या माउलीच्या तोंडावर कसं बोलू?" मी म्हटलं, असू दे आबा. ते म्हणाले, "येरवाळी उठून वाचत जा." गाडीत बसल्यावर खिडकीतून त्यांनी हात केला नाही, नुसतं बघत राहिले.

सोमवारी मी रेक्टर बाईंना नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मामांचं घर जवळ आहे, मी म्हणाले. ते खरंच आहे.

मी पहाटे उठायचा प्रयत्न करते. दिवा लावला की मामेबहीण कूस बदलते, म्हणून पुस्तक घेऊन जिन्यात बसते. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. या वेळी जमेल की नाही, ते मला खात्रीने सांगता येत नाही.

आणि आमच्या खेळात आता एक नियम वाढला आहे. नागराज आला की कपाळाला लावायचा आणि सोडून द्यायचा. मामेबहीण त्याबाबत फार कडक आहे. परवा मला बारा पडले. मी तो पत्ता हातात धरून बसले असेन, कारण ती म्हणाली, "ताई, सोड ना त्याला. आबांनी सांगितलंय."

मी तो गठ्ठ्यात सरकवला.

"चला," मामी म्हणाली आणि फासे माझ्याच हातात दिले. "नाग सोडला की परत टाकायचं. टाक बाई, तुझ्यावाचून डाव अडलाय."