तनयाची निर्जळी हरतालिका

वल्लरी एका जागी बसेल तर शप्पथ! सोळा वर्षांची पोरगी, अकरावीतली, पण कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर येरझाऱ्या, आणि एका हाताची दोन बोटं सदा दुसऱ्या मनगटावर. नाडी मोजायची. बोलताना मोजायची, जेवताना मोजायची, केमिस्ट्रीच्या तासाला तर आवर्जून मोजायची.

तिला लाँग क्यूटी नावाचा हृदयाचा आजार आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला थोडा वेळ लागतो, तो हिच्या हृदयाला जरा जास्त लागतो. नेमकी तेवढ्यात दचकली, धावली, की ताल सुटतो आणि माणूस कोसळतं. कधी उठतं, कधी नाही उठत. गेल्या डिसेंबरात क्लासमधली घंटा कर्कश वाजली आणि ही बाकावरून खाली. सरांनी फिट समजून नाकाला चप्पल लावली. आपल्याच चपलेने पोरगी शुद्धीवर आली, असं ते अजून छाती फुगवून सांगतात. पुढे तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि कळलं की हे आईकडून आलंय. आईचा भाऊ, श्रीनिवासमामा, एकोणिसाव्या वर्षी पोहताना गेला. तीस वर्षं सगळे म्हणत होते, त्याला नजर लागली. नजर कसली डोंबलाची!

तेव्हापासून घरात मोठा आवाज बंद. दारावरची बेल काढली. गजराऐवजी बाबा पाय हलवून उठवतात. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅस बंद करते, त्यामुळे डाळ रोज अर्धीकच्ची, पण तक्रार करायची कुणाची हिंमत नाही.

हे सगळं वल्लरी सोसत होती. तिला कुरतडत होतं ते वेगळंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की आईकडच्या सगळ्यांचा ईसीजी काढा. आईची मोठी बहीण कुसुममावशी वाघोलीला राहते. तिची मुलगी तनया चोवीस वर्षांची, रणजितशी लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. मावशीने कानांवर हात ठेवले. "लग्न होईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. एकदा कागदावर आलं की पोरगी घरात बसेल." तनयालाही सांगायचं नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नाही, ती रणजितला सांगून मोकळी होईल. आई रडली, भांडली आणि शेवटी बहिणीपुढे नमली. वल्लरीला म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

त्या शपथेने वल्लरीची झोप उडवली. तनयाचा फोन आला की ती आधी "कशी आहेस?" विचारायची, मग पुन्हा "नक्की ना?" तनया हसायची. "अगं, तू काय माझी आजी आहेस का?"

हरतालिकेला सगळ्या वाघोलीला जमल्या. आईने मंडईतून पत्री आणली होती. रणजितची आईही होणाऱ्या सुनेची पूजा बघायला मुद्दाम आली होती. तनया पाटावर बसली ती पांढरीफटक. वल्लरी तिच्या कानाशी लागली, "काय झालं तुला?"

"काही नाही गं, दोन दिवस पोट बिघडलंय. रात्रभर उलट्या. पण निर्जळी धरलीय, सासूबाई आल्यात ना!"

उलट्या, जुलाब, उपास यांनी अंगातले क्षार जातात आणि ताल सुटायला तेवढं पुरतं, हे डॉक्टरांनी तिला दहादा सांगितलं होतं. तिला स्वतःला तर उपासाची बंदीच होती. तिने आईकडे पाहिलं. आई पत्री निवडत बसली, मान वर करेना. मावशीने डोळे वटारले.

तनया वाळूच्या पिंडीवर बेल वाहायला वाकली आणि म्हणाली, "थांबा हं जरा, छातीत फडफडतंय."

झालं! वल्लरीने तिचं मनगट धरलं. नाडी मध्येच धावत होती, मध्येच दडी मारत होती.

"पाणी आणा!" वल्लरी ओरडली. ज्या घरातल्या माणसांनी आठ महिने मोठा आवाज केला नव्हता, त्यांतली ही पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडली. "हिला आत्ता दवाखान्यात न्या! मला आहे तोच आजार हिला असेल. श्रीनिवासमामा त्यानेच गेला. मावशीला माहितीये, आईला माहितीये, सगळ्यांना माहितीये!"

"खोटं बोलतेय कार्टी!" मावशी उठून अंगावर आली. आईने आडवा हात घातला. तेवढंच तिने केलं, पण केलं.

रणजितची आई उठली, स्वयंपाकघरातून तांब्या आणला, मीठसाखर ढवळली आणि तनयाच्या तोंडाला लावला. मग मावशीला म्हणाली, "व्रत आमच्या मुलासाठी होतं ना? मग मी सांगते, मोडा. गाडी खाली आहे."

दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघाली. तनयाचीही तशीच, वल्लरीपेक्षा लांबलेली. चार दिवस तिथेच ठेवून घेतलं. लग्नाचं अजून नक्की नाही. रणजित रोज येतो, त्याचे वडील विचार करतायत. मावशीने आईशी बोलणं टाकलंय.

पाचव्या दिवशी तनया घरी आली आणि वल्लरी तिला भेटायला गेली. बसेवना तिला, खाटेभोवती फिरत राहिली. मनात वाक्यं जुळवून आली होती. सासूबाईंसमोर असं बोलायला नको होतं, सॉरी, रागावू नकोस.

तनयाने तिला पुरं बोलूच दिलं नाही. "त्याचा राग नाहीये गं. त्या दिवशी बोललीस म्हणून मी आहे." मग तिने उशाजवळचा फोन हातात घेतला. "या आठ महिन्यांत मी दर रविवारी सिंहगड चढले, वल्लू. एकटी. वर पोचले की तुला फोटो पाठवायचे."

वल्लरी खाटेच्या कडेवर बसली.

"आणि तू त्यावर हार्ट टाकायचीस," तनया म्हणाली.