घाटातला सुरुंग, शिरूरची सुई

गिरणीच्या भिंतीवर पीठ कुणी मुद्दाम उडवत नाही, तरी वर्षभरात भिंत पांढरी होतेच. आमच्या खात्यातले किस्से असेच साठले. काम थोडं आणि वाट बघणं फार, अशी नोकरी केलेल्या माणसाकडं दुसरं काय साठणार? चहाला बसलो की मित्र म्हणतात, "बापू, तुझं निम्मं वजा करूनच ऐकतो आम्ही." करा की वजा! फक्त कुठलं निम्मं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

काम असं होतं. सह्याद्री वर एवढा दिसतो, तर त्याच्या पोटाखाली काय आहे, किती खोल आहे, ते शोधायचं. खणून बघता येत नाही. म्हणून घाटात खोल भोक पाडून मोठा सुरुंग उडवायचा. त्याचा धक्का जमिनीत खोल जातो आणि लांब कुठंतरी पुन्हा वर येतो. कुठं आणि किती वेळानं आला, त्यावरून साहेब लोक खालचं गणित मांडायचे. त्यासाठी घाटापासून पार दौंडपर्यंत ठिकठिकाणी खड्डे घेऊन यंत्रं बसवली होती. मी त्यांचा मेकॅनिक. जीपमधून फिरायचं, सुया तपासायच्या, आणि मिळेल तिथं चहा प्यायचा.

वडगाव रासाईला खड्डा घेताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं साहेबांना गाठलं. "सायेब, डोंगर तिकडं, आन् खड्डा हिकडं का?"

साहेबांना शिकवायची भारी हौस. काठीनं मातीत डोंगर काढला, त्याच्या खाली रेघा काढल्या, बाण काढले. म्हातारा मान हलवत राहिला. शेवटी साहेब थकले आणि म्हणाले, "आजोबा, दाढ दुखली की कान ठणकतो ना, तसं."

"मग हे आदीच सांगायचं," म्हातारा म्हणाला. "दाढ त्याची दुखवायची आन् कान आमचा धरायचा."

* * *

दौंडचं यंत्र आप्पांकडं होतं. आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. यंत्राला पक्का खडक लागतो, आणि तिथं तो सापडला नेमका रुळांजवळ. सुरुंगाची वेळ आणि एका मालगाडीची वेळ एकच. कागदावर डोंगराचं काही नाही, आख्खी मालगाडी मात्र डब्यांसकट उमटायची.

साहेबांनी आप्पांना स्टेशनमास्तरांकडं पाठवलं, गाडी जरा थांबवता येईल का विचारायला. स्टेशनमास्तर म्हणाले, "डोंगर काय पळून चाललाय का? गाडी चाललीय."

आप्पा परत आले ते रेल्वेची बाजू घेऊनच. त्यांच्या मते गाडी बरोबर होती, सुरुंग चुकीच्या वेळी होता. पुढं पुढं तर कागद माझ्या हातात देताना छाती काढून सांगायचे, "आज गाडी बिफोर टाइम!"

साहेबांनी दौंडची आशा सोडली. त्या बाजूचा सगळा भार मग शिरूरवर आला.

* * *

शिरूरला मिशनच्या जुन्या आवारात धान्याची एक बंद कोठी होती. यंत्र तिथं, आणि सांभाळायला याकोबमामा. मामा मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर होते, शाळेची घंटाही तेच द्यायचे. आवारातली माणसं त्यांच्याकडं बघून घड्याळं लावायची, आणि हे मी वाढवलेलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा दानियल मात्र जन्मात कुठं वेळेवर पोचला नाही. शाळेत उशीर, चर्चला उशीर, जेवायलासुद्धा उशीर. मामांनी त्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलं. ते अर्धवट टाकून तो कुठल्याशा खाणीवर सुरुंगाचं काम शिकायला निघून गेला. मामा म्हणाले, "आता या घरात पाय टाकू नको." पोरानं आयुष्यात पहिल्यांदा बापाचं ऐकलं.

तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. मामा त्याचं नाव काढायचे नाहीत. मार्थामामीही काढायच्या नाहीत, पण आमची जीप आवारात शिरली की आधी मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघायच्या.

* * *

मामांनी शिरूरला जे केलं ते दुसऱ्या कुठल्याच ठाण्यावर कुणाला जमलं नाही. सुरुंग एक दिवसाआड, ठरल्या वेळी. वेळ झाली की मामा कोठीबाहेर येऊन ड्रिलसारखा हात वर करायचे. हात वर आहे तोवर आवारात कुणी हलायचं नाही. जातं थांबायचं, धुणं थांबायचं, शेळ्यांना शिंगं धरून उभं केलं जायचं. पाद्रीसाहेब एकदा सायकलवर एक पाय टेकवून तसेच ताटकळले होते.

ऐकेनात ते फक्त आबा. आबा मूळचे निमोणे गावचे, पण आवाराला लागून त्यांचा मळा होता आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन. ते म्हणाले, "इंजिन माझं, पानी माझं. सुईला ऐकायचं आसंल तर ऐकंल."

मामा भांडले नाहीत. आबांना कोठीत नेऊन यंत्राच्या ड्रमवर गुंडाळलेल्या काळ्या कागदावर फिरणारी सुई दाखवली. मग म्हणाले, "आबा, बाहेर जाऊन एक पाय आपटा." आबांनी आपटला. आत येऊन बघतात तर कागदावर पांढरा झटका.

"ह्यो माझा पाय?"

"तुमचाच."

"आन् ह्यो कागद जाणार कुठं?"

"पुण्याला. हापिसात."

त्यानंतर आबा स्वतःहून इंजिन बंद करायचे, कोठीजवळ आले तर वहाणा काढायचे, आणि बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आपला पाय सरकारात जमा हाय."

* * *

कागद काळा करायचा म्हणजे रॉकेलच्या दिव्यावर धरून त्यावर काजळी बसवायची. सुई त्या काजळीत पांढरी रेघ ओढायची. हे काम मार्थामामी इतकं सुरेख करायच्या की साहेब इतर ठाण्यांना शिरूरचा कागद नमुना म्हणून दाखवायचे. पण दर कागदाच्या कडेला बोटं पुसल्यासारखे डाग असत. साहेब एकदा विचारायलाच आले. मग कळलं की आवारातल्या बायका ती काजळी पोरांच्या गालावर लावायला नेतात. पाद्रीसाहेब दृष्टबिष्ट काही मानत नसत. त्यांच्या नातीच्या गालावरही ठिपका होता.

साहेब हसले, म्हणाले, "कडेची न्या, मधली नको."

मी निघताना मामी जीपपाशी आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही घाटात जाता. तिकडं खाणीवाल्यांत कुठं आमचा दानियल दिसला तर बघा. यांना सांगू नका."

* * *

आणि दिसला की! घाटातल्या कॅम्पवर आमचा सुरुंग उडवणारा जो उंच पोरगा होता, त्यानं मला पहिल्याच भेटीत विचारलं, "शिरूरला रेघ कशी येते?" बाकीच्या ठाण्यांचं त्याला काही पडलेलं नव्हतं. नाव विचारलं तर दानियल याकोब. बाप यंत्र सांभाळतो हे त्याला ठाऊक होतं. सुरुंग कोण उडवतो हे बापाला ठाऊक नव्हतं.

मी शिरूरला येऊन सांगून टाकलं. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बापू, तू सांगतोयस म्हंजी खोटं."

आयुष्यभर मारलेल्या थापा अशा वेळी आडव्या येतात. मी पुन्हा घाटात गेलो आणि दानियलला म्हणालो, काहीतरी खूण दे. तो हसला. "सांगा त्यांना, शाळेच्या घंटेची हातोडी मीच विहिरीत टाकली होती."

मामांचा संशय इतकी वर्षं हेडमास्तरांवर होता. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "म्हंजी तोच हाय," म्हणाले, आणि मार्थामामींना हाक मारायला गेले.

* * *

त्यानंतर शिरूरची पद्धत जरा बदलली. पूर्वी मामा घड्याळ बघून हात खाली घ्यायचे. आता मामींना आत सुईपाशी बसवू लागले. सुरुंगाचा झटका कागदावर उमटला की मामी आतून म्हणायच्या, "झालं." मगच हात खाली. मामी तेवढ्यासाठी धुतलेलं लुगडं नेसून बसायच्या.

झटका मोठा आला की मामा म्हणायचे, "तब्येत बरी दिसते." साहेबांनी समजावलं की ते सुरुंगात दारू किती भरली त्यावर असतं. "आसंल साहेब," मामा म्हणाले आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणाले.

मी दोघांमध्ये लोंबकळत होतो. दानियलला म्हणावं, घरी जा. तो म्हणे, त्यांनी बोलवू दे. मामांना म्हणावं, बोलवा. ते म्हणत, त्यानं यावं. तिकडं त्याला मात्र शिरूरची सगळी हकिगत लागायची. हात वर करून बाप कसा उभा राहतो, आबा इंजिन कसं बंद करतात, आई आत कुठं बसते. मी रंगवून सांगायचो, तो पुन्हा पुन्हा ऐकायचा.

एकदा मामा कागद लाखेच्या पाण्यात बुडवत होते, रेघ पुसू नये म्हणून बुडवावा लागतो. तो वाळत घालता घालता म्हणाले, "शाळेत एक दिवस वेळेवर आला न्हाई. आता सेकंदाला चुकत न्हाई."

मी म्हणालो, "मामा, हे सांगू का त्याला?"

"तू नको. तू वाढवून सांगशील. मी सांगीन."

घाटातलं काम संपत आलं होतं. शेवटच्या सुरुंगानंतर यंत्र उचलायला मी शिरूरला येणार होतो. मी मामांना विचारलं, येताना जीपमध्ये आणखी एक माणूस असला तर चालेल का. मामा ड्रमला तेल घालता घालता म्हणाले, "जीप सरकारची हाय. मी कोण नको म्हणणारा?"

दुसऱ्या दिवशी मामी घराला चुना लावत होत्या.

* * *

शेवटून दुसरा सुरुंग होता. मी शिरूरलाच होतो. मामांनी हात वर केला. आवार थांबलं, इंजिन थांबलं. आतून "झालं" काही येईना.

वेळ टळून गेली. मामांचा हात वरच. माणसं चुळबुळायला लागली, आबा बांधावर बसले. मामांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण हात खाली घेतला नाही. मला वाटलं, आज रद्द झालं असणार.

आणि आतून मामी म्हणाल्या, "झालं."

मामांनी हात खाली घेऊन झटकला. मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. "केलाच शेवटी उशीर," ते म्हणाले. "आल्यावर बोलतोच त्याला."

दुपारनंतर पुण्याहून साहेब स्वतः आले. जीपमधून उतरले आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

सुरुंग वेळेवर उडाला नव्हता. अशा वेळी जवळ जायचं नसतं, बराच वेळ थांबायचं असतं. दानियलला सगळ्यांनी अडवलं. तो वायर तपासायला चढायला लागला. "शिरूरला माणसं उभी असतील," म्हणाला. वर पोचला आणि सुरुंग उडाला.

* * *

पंचनामा वगैरे होऊन दुसऱ्या दिवशी रात्री पेटी ट्रकनं शिरूरला आली. उघडू नका, असं साहेबांनी सांगितलं होतं. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि सगळे कबरस्थानाकडं निघाले. पेटीला पुढून एका बाजूला मी, एका बाजूला आबा. दौंडहून आप्पाही आले होते. मामा सगळ्यांच्या पुढं चालत होते. पांढरा सदरा, आणि त्याच्या बाहीवर काजळीची बोटं. पहाटे उठून त्यांनी कागद काळा करून ड्रमवर चढवला होता. सवय असेल, असं मला वाटलं.

एक दिवसाआडचा तो दिवस होता. शेवटचा सुरुंग त्या दिवशी ठरला होता. साहेबांनी घाटातलं सगळं काम बंद केलं होतं. मला ते माहीत होतं. मामांना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आवाराच्या फाटकाशी मामा थांबले. खिशातून घड्याळ काढून बघितलं. आणि हात वर केला.

आम्ही थांबलो. खांद्यावर पेटी घेऊन जागच्या जागी उभे राहिलो. पाद्रीसाहेब वचन म्हणत होते, ते शब्दावर थांबले. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. आबांच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता, पण त्यांनी मान हलवली नाही. इंजिन तर सकाळपासून बंदच होतं.

त्या दिवशी कोठीत कुणी नव्हतं. "झालं" कोण म्हणणार? मामांचा हात तसाच वर. किती वेळ गेला ते मी सांगत नाही, मी सांगितलेलं कुणी खरं धरत नाही. शेवटी मार्थामामी बायकांतून पुढं आल्या. त्यांनी मामांचा हात मनगटाला धरला आणि हळूच खाली आणला. मग आम्ही पुढं निघालो.

संध्याकाळी मी कोठीत जाऊन कागद उतरवला, लाखेत बुडवला, वाळवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ सरळ. अख्ख्या कामात असा स्वच्छ कागद दुसरा आला नाही. तो घेऊन मी मामांकडं गेलो. ते चुना लावलेल्या भिंतीला टेकून बसले होते.

"मामा," मी म्हणालो, "आज सुरुंग उडालाच नाही."

त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि सगळी रेघ शेवटपर्यंत बघितली.

"आज कोण उडवणार?" मामा म्हणाले.