जयाबाईंचं पक्कं हाड

जयाबाई गजभिये मूळच्या नागपूरच्या. तिकडची रीत अशी की, कुणी जेवायला बसवलं तर आधी 'नको' म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, पुन्हा 'नको' म्हणायचं, आणि मग मुकाट्याने हात धुवायला उठायचं. नवरा गेल्यावर मुलाने, बुद्धभूषणने, त्यांना पुण्यात आणायचं ठरवलं तेव्हा विचारलं, "आई, आमच्याकडेच राहतेस का हिंजवडीला?"

"नको रे बेटा, तुमच्यावर भार काहून?" जयाबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या.

मुलगा कॉलेजपासून पुण्यात मुरलेला. "बरं," म्हणाला आणि वाघोलीला त्यांच्यासाठी फ्लॅट बघून आला. आग्रहाची वाट बघत बघत जयाबाईंचं सामानसुद्धा लागलं.

वाघोली शहराच्या एका टोकाला, हिंजवडी दुसऱ्या. मुलगा यायचा रविवारी, तोही प्रत्येक रविवारी नाही. सोसायटीतली माणसं सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढली की जिन्यात पाऊलसुद्धा वाजत नसे. जयाबाई कुकर लावायच्या आणि शिट्टी झाली की "झालं बाई," असं स्वतःच म्हणायच्या. फार एकटं वाटायचं त्यांना. पण सांगणार कसं? 'नको' आपणच म्हटलेलं.

मग त्या बाथरूममध्ये घसरल्या. मोडलं काही नाही, पण डॉक्टरांनी खुब्याचा सीटी स्कॅन काढायला लावला. बुद्धभूषणचं कामच ते. स्कॅनवरून तो कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब हाड उभं करायचा, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचा, आणि माणूस कुशीवर पडला तर ते किती भार सोसेल हे आधीच काढायचा. आईचा स्कॅन त्याने मागून घेतला. "हाड कच्चं निघालं, तर तुला इथे एकटं ठेवणार नाही. सरळ आमच्याकडे."

त्या दिवसापासून जयाबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या. स्कॅन होऊन गेलाय आणि हाड काही चार दिवस गोळ्या चुकवल्याने कच्चं होत नाही, हे काय त्यांना कळत नव्हतं? तरी केल्या. या वेळी पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणायचं, हेही ठरवून टाकलं.

रविवारी बुद्धभूषण लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर जयाबाईंचं हाड निळंहिरवं दिसत होतं. "कमाल आहे आई. तुझ्या वयाच्या बायकांपेक्षा कितीतरी पक्कं. आता काळजीच मिटली."

"अस्सं," जयाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "पण या कॉम्प्युटरनं नेमकं केलं काय?"

"हाडावर भार टाकला. मोडलं नाही, म्हणून थोडा वाढवला. पुन्हा वाढवला. मोडेपर्यंत तेच."

"म्हणजे एकदा नाही म्हटलं तरी तो परत विचारते?"

"तसंच समज," तो हसला.

"चांगला आहे बाप्पा," जयाबाई म्हणाल्या. तो जेवत राहिला.

ट्रॅफिक लागायच्या आत निघायचं म्हणून तो लवकरच उठला. सुनेसाठी भरलेला डबा घेऊन जयाबाई लिफ्टपर्यंत गेल्या. आत शिरता शिरता त्याने वळून विचारलं, "आई, राहशील ना गं एकटी नीट?"

आठवडाभर ओठांवर तयार ठेवलेला शब्द निसटला.

"हो," जयाबाई म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार लागलं.