उटण्याच्या साबणाचं वाळवण

माझी बायको साबण चाखून बघते. अगदी जिभेच्या टोकाला लावून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ऑफिसातून नुकताच आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये शिरत होतो, पायातले बूटही काढले नव्हते, आणि ही गॅलरीत उभी राहून साबणाच्या वडीला जीभ लावतेय. म्हटलं, झालं! दिल्लीनं हिला वेड लावलं. "अहो, चटका बसला तर आत सोडा शिल्लक आहे असं समजायचं," ती शांतपणे म्हणाली आणि चूळ भरायला गेली.

नागपूरला अठरा वर्षं ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होती. माझी दिल्लीला बदली झाली, मुलगी हॉस्टेलला गेली आणि हिनं नोकरी सोडली. सोडली असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे मी सोडायला लावली. इथे आल्यावर दोन वर्षं ती फक्त साहेबांच्या मिसेस होती. मग एके दिवशी तिनं तराजू आणला, जुना लॅबचा चष्मा ट्रंकेतून काढला आणि गॅलरीत साबण सुरू केला. मी कुरकुर करायला एक दिवसही चुकलो नाही. खोबरेल तेलाचा वास पडद्यांना लागतो, दुधाच्या रिकाम्या खोक्यांचे साचे पायात येतात, कॉस्टिक सोड्याचा डबा देवघराशेजारी कशाला? ती ऐकून घ्यायची आणि सोड्याचं पुन्हा एकदा वजन करायची. कुठलीही गोष्ट ती दोनदा मोजल्याशिवाय पातेल्यात घालत नसे. आमच्या खात्यात एवढी काळजी घेणारा एक माणूस असता, तर निम्म्या फायली उघडाव्याच लागल्या नसत्या.

त्या वर्षी गणपतीनंतर मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा तिला फोन आला. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी उटण्याचे दीडशे साबण हवे होते, मंडळातल्या प्रत्येक घरी एक. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. आठवड्याभरात नागरमोथा, वाळा, आंबेहळद घातलेल्या दीडशे वड्या मागच्या खोलीतल्या फळ्यांवर ओळीनं लागल्या. त्यांना सावलीत, वाऱ्यावर दीड महिना मुरू द्यायचं होतं.

नवरात्रात तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. अमरावतीला जाताना ती मला म्हणाली, "वड्या मधूनमधून उलटवत जा, बस." मी उलटवल्या. बोटाला ओलसर लागल्या. आता मी वाळवणाच्या घरातला माणूस. कुरडया, सांडगे, पापड, आमच्याकडे काहीही ओलं दिसलं की गच्चीवर. आणि दिल्लीचं आश्विनातलं ऊन वर फुकट पडलेलं! एवढी शिकलेली बाई, पण हे साधं तिला सुचू नये? मी आईचं जुनं सुती लुगडं गच्चीवर अंथरलं, दीडशे वड्या मांडल्या आणि माकडं येतील म्हणून काठी घेऊन छत्रीखाली बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायला आल्या. म्हणाल्या, "भाईसाहब, इतनी सारी बर्फी?" मी ऐटीत सांगितलं, "बिझनेस है."

दुसऱ्या दिवशी वड्यांना तेलाचा घाम फुटला. मी टॉवेलनं पुसला. चौथ्या दिवशी त्या वाकल्या, रंग उडाला आणि खवट तेलाचा वास सुटला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

दसऱ्याला ती परत आली. बॅग दारातच ठेवून मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग जाऊन म्हणालो, "दुसरे करता येतील ना? एवढं काय त्यात?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "साबण करता येतील हो. पण या गावात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामासाठी विचारलं होतं."

मी दारातली तिची बॅग उचलून आत आणली.

दिवाळीला वीस दिवस होते आणि नव्या वड्या मुरायला दीड महिना लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अध्यक्षबाईंना फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर. "ताई, मी फोटो पाठवला होता तसा साबण देता येणार नाही. शिजवून केला तर वेळेत होईल, पण दिसायला ओबडधोबड असेल. नको असेल तर तसं सांगा." पलीकडून त्यांनी विचारलं, "अगं, पण झालं काय?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. चूक कुणाची हे न लिहिता अहवाल पूर्ण करण्यात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे गप्प बसायला मला काही कष्ट पडले नाहीत. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरचे चार दिवस मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून पाहत होतो. आत यायची मला परवानगी नव्हती. तिच्या अंगात माझा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तो लॅबचा चष्मा आणि मोठ्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं दुसरं पातेलं. साबण पिठल्यासारखा रटरटायचा, मग हळूहळू पारदर्शक व्हायचा. शिजल्यावर ती उटणं घालायची आणि प्रत्येक घाण्याला जीभ लावायची. चटका बसला की चूळ भरून पुन्हा शिजवायची. काय चिकाटी बाईची! मी असतो तर पहिल्याच घाण्याला पातेलं आपटून मोकळा झालो असतो.

दिवाळीच्या आदल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये फराळाचे स्टॉल होते. हिच्या टेबलावर खडबडीत, मातकट दीडशे वड्या. जो तो येऊन तेच विचारी, असे का दिसतात? शेवटी अध्यक्षबाईंनीच तिच्या हातात माइक दिला. म्हटलं, आता हिची धांदल उडणार.

कसली धांदल? तिनं एक वडी उचलली आणि बोलायला लागली. तेल म्हणजे काय, सोडा त्याचं काय करतो, मुरवलेला आणि शिजवलेला यात फरक काय, आधीचे बिघडल्यावर हे शिजवावे का लागले. "मागचे, ऐकू येतंय ना?" असं विचारल्याबरोबर चकली खाणारे चकली हातात धरून थांबले. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बावीस वर्षांचा संसार, पण मी एकदाही तिच्या वर्गाच्या दाराशी गेलो नव्हतो. असली बाई मी घरी बसवली होती!

"मग आधीचे का बिघडले?" पुढून कुणीतरी विचारलं.

"उन्हात राहिले," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. आणखी कुणाला काही शंका?"

माझा हात वर गेला. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय, कान तापलेले.

"राहिले नाहीत," मी म्हणालो. "मी घातले. चार दिवस. काठी घेऊन राखण करत बसलो होतो. हिचं काही चुकलं नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. ती हसली नाही. तिनं माइक तोंडापासून जरा लांब धरला.

"उशीर केलात," ती म्हणाली. "पण सांगितलंत. बसा आता."

मी बसलो.