खालच्या फळीवरचे उंदीर

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी कुणी न सांगता वाढतात, उंदीर आणि किस्से. उंदरांना निदान पिंजरे तरी आहेत! किस्से गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जातात आणि तिथून मावळभर. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

मी तिथला स्कॅनवाला. उंदराच्या कवटीचा स्कॅन काढायचा, त्यावर चाळीस ठिपके द्यायचे आणि ठिपक्यांमधली अंतरं मोजायची. संध्याकाळी लोणावळ्याला घरी पोचलो की बायको विचारते, "आज काय केलंत?" मी सांगतो, "अकरा जबडे." त्यापुढे ती काही विचारत नाही.

*

आमच्या सरांचं म्हणणं एकच. माणूस असो की उंदीर, तोंडाचा नकाशा जीन्स, म्हणजे आईबापाकडून आलेली जनुकं, काढतात. बाकी सगळ्या गप्पा!

कार्ल्याला माझ्या मामेबहिणीला बघायला पाहुणे येणार होते. सरांकडे गाडी, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. चूक माझीच. पोहे आले, पाहुणे खूश, आणि सर माझ्या मामाकडे टक लावून बसलेले.

"वा!" एकदम म्हणाले. "मुलीचा जबडा अगदी तुमचाच आलाय हो. हा पुढे नातवंडांतसुद्धा उतरणार बघा!"

मुलाच्या आईनं मामाचा जबडा बराच वेळ निरखला. "कळवतो" म्हणून ते लोक गेले, ते अजून कळवताहेत.

*

सरांचा मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा सरांनी सगळ्यांना चिक्की वाटली. "शेवटी जीन्स!"

बारावीला तोच मुलगा आपटला. सरच म्हणाले, "खंडाळ्यात राहून अभ्यास कसा होणार? सारखे टुरिस्ट, सारखा गोंगाट. वातावरणाचा फार परिणाम होतो हो!"

*

आता वैदेही. तळेगावची, सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पोरगी हुशार, पण तीन वर्षं उंदरांत अडकलेली. फेलोशिपचं शेवटचं वर्ष, आणि वडील रोज जेवताना विचारणार, "झालं का गं?" तिचं सगळं एका गोष्टीवर टांगलेलं. वरच्या फळीवर साधे उंदीर, खालच्या फळीवर एक जीन बदललेले. खालच्यांचा जबडा वेगळा निघाला तर डिग्री, नाही तर गेली तीन वर्षं पाण्यात!

उंदीरघर सांभाळतात टाकव्याचे बबनभाऊ. घरी चार म्हशी सांभाळून इथं येतात आणि उंदरांशीही म्हशींसारखंच बोलतात. पहिल्याच दिवशी त्यांनी वैदेहीला विचारलं, "ताई, ह्या खालच्यांना काय झालंय?"

"काही नाही हो भाऊ. यांचा जबडा नाजूक निघेल असा आमचा अंदाज आहे."

"आरारा! मग बिचारी खानार कशी?"

"खातात हो!" वैदेही हसत सुटली. आम्ही आठ दिवस त्यांची नक्कल करत होतो.

*

सर स्वतः उंदीरघरात कधी पाऊल ठेवत नाहीत. वासानं शिंका येतात म्हणे. एकदा फोटो काढायला दारापर्यंत आले, तेव्हा भाऊंनी एक उंदीर प्रेमानं पुढे केला. सर तीन पावलं मागे! "नको नको, मी यांना डेटामध्ये भेटतो."

*

आणि निकाल आला! खालच्यांचा जबडा खरंच बारीक. मी दोनदा ठिपके दिले, तिसऱ्यांदा वैदेहीनं स्वतः दिले. फरक तसाच. पोरगी माझ्या खुर्चीत बसून रडली. सरांनी पुन्हा चिक्की वाटली. "म्हटलं नव्हतं? जीन्स!" स्वतःचा तुकडा मात्र चहात बुडवून खाल्ला, दाढ दुखते म्हणून.

भाऊंना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "व्हय, नाजूकच हाय त्यांचा. लय जपावं लागतं."

*

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक बाई आल्या. प्रेझेंटेशन फक्कड झालं. सर तर अभिनंदनाला उठलेच होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मला उंदीर बघायचेत."

सरांना जावं लागलं. नाकाला रुमाल, मागे वैदेही, तिच्यामागे मी.

बाईंनी भाऊंना सहज विचारलं, "दोन्ही फळ्यांना खाणं एकच ना?"

"एकच की! त्याच पोत्यातल्या गोळ्या." भाऊ अभिमानानं म्हणाले. "फकस्त खालच्यांच्या मी भिजवतो. पार मऊ करून वाटीत देतो. ताई यायच्या आत वाट्या धुऊन ठेवतो, त्यांना पिंजऱ्यात ओलं चालत न्हाई."

बाई हळूच म्हणाल्या, "मऊ खाल्लं तर जबडा कुणाचाही बारीक राहतो. मग हा फरक जीनचा की खाण्याचा?"

वैदेहीचा चेहरा पांढरा पडला. मला माझ्या चाळीस ठिपक्यांची लाज वाटली.

"तीन वर्षं?" सर ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"ताईच म्हनल्या व्हत्या, जबडा नाजूक हाय म्हून. मग कडक कसं घालायचं, सायेब? जीव हाय तो."

"उद्यापासून कामावर येऊ नका!"

"भाऊ येणार, सर." वैदेही पुढे होऊन भाऊंशेजारी उभी राहिली. "तीन वर्षांत या लॅबमध्ये खरा प्रयोग फक्त यांनी केलाय."

सरांना नेमकी तेव्हाच शिंक आली. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते.

भाऊ मात्र ओशाळून उभे. त्यांना वाटलं, आपण वरच्या उंदरांवर अन्याय केला. हळूच म्हणाले, "चुकलंच ताई. उद्यापास्नं वरच्यांना बी भिजवू का?"

वैदेहीनं डोळे पुसले, पिशवीतून नवी कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

"अर्ध्यांनाच, भाऊ," ती म्हणाली. "वरच्या अर्ध्यांना आणि खालच्या अर्ध्यांना!"