नर-मादी आणि गार भजी

किल्ल्याच्या दारात कढई मांडली की दिवेलागणीपर्यंत भजी संपतात, लोकांचे किस्से मात्र उरतात. निजामाच्या राजवटीत मी नळदुर्गात सून म्हणून आले, कांदे चिरायला बसले, तेव्हापासूनचे साठलेत. चौथी शिकलेय. लिहायला तेवढं पुरे.

बोरी नदी किल्ल्यात अडवलीय. पावसाळ्यात बंधारा भरला की दोन धारा कोसळतात, नर आणि मादी. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. त्याच्या खिडकीत उभं राहून पाणी बघायला सोलापूरहून टांगे यायचे. महाल दाखवायचे माझे सासरे, मामंजी. भजी तळायच्या सासूबाई, आत्याबाई. आत्याबाईंनी ते पाणी कधीच बघितलं नव्हतं. पाणी पडायचं तेव्हाच गर्दी, आन् गर्दी तेव्हाच कढई.

*

एका वकिलीणबाईंनी विचारलं, "यातला नर कोणता हो?"

आत्याबाईंनी झारा थांबवला नाही. "लई आवाज करतो त्यो."

वकीलसाहेब परत जाईपर्यंत गप्प होते.

*

टांगेवाले कासिमभाई घोड्याला विसावा मिळावा म्हणून सवारीला किल्ल्यातल्या उंच उपळी बुरुजावर पिटाळायचे. एक जाडजूड साहेब धापा टाकत खाली आले. "वर काय आहे बघण्यासारखं?"

"ऊपर से मेरा घोडा दिख्या क्या साब? उठ्या क्या?"

*

महालातून वर आलेलं माणूस कुडकुडत गरम भजी मागायचं. आत्याबाईंना तो नखरा वाटायचा. एकदा निजामाचे कुणी अंमलदार आले. "गरम द्या."

"आधी गार झालेली संपू द्या. आमचे हे रोज खाली जात्यात, त्यांना बी गारच देते."

मामंजींचा चेहरा पांढरा पडला. अंमलदारांनी मुकाट्यानं गार भजी खाल्ली आणि वर मिरची मागितली.

*

पुढं आत्याबाईंच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. पिठात दोनदा मीठ पडायचं. मी म्हटलं, "आत्याबाई, दिसतंय तवर पाणी बघून या. कढई मी सांभाळते."

"तू जाळशील."

"मग काय आंधळं झाल्यावर जाणार?"

"पाणी कुठं पळून जातंय?"

पाणी नाही गेलं. नजर गेली.

*

निजामाच्या शेवटच्या पावसाळ्यात सरहद्दीवर नाकेबंदी होऊन सोलापूरचा रस्ता बंद झाला. टांगा नाही, गिऱ्हाईक नाही, तरी आत्याबाईंची कढई मांडलेलीच. नर-मादी मात्र भरून कोसळत होते. मी चुलीवर पाणी ओतलं. "आता सांगा, कुणासाठी तळताय? उठा."

आत्याबाई उठल्या. त्यांना नुसता उजेड-अंधार कळायचा. मामंजी पुढं, हात धरून. सवयीनं म्हणाले, "पायरी आहे, बाईसाहेब."

"कुणाची बाईसाहेब? नीट चाला."

खिडकीपाशी कानठळ्या बसत होत्या. जन्मभर परक्यांना सांगत आलेल्या मामंजींनी सुरुवात केली, "ह्यो नर..." आणि पुढं त्यांना बोलताच येईना.

आत्याबाईंनी चाचपत खिडकीबाहेर हात काढला. कोपरापर्यंत भिजला तरी आत घेतला नाही. मग तोच हात मामंजींच्या ओल्या सदऱ्यावर ठेवला.

"एवढं गार असतंय व्हय हे?"



आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "चूल पेटव गं. ह्यांना गरम भजी करायचीत."