बिनपुट्टीचं मडगार्ड

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या काचबिंदूबद्दल डॉक्टर एकदाच स्पष्ट बोलले. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली आहे तीही फार काळ टिकणार नाही. परतताना रिक्षा क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबली तेव्हा अण्णा म्हणाले, "गाडी रंगवून घेऊ."

गाडी म्हणजे आमची जुनी अँबेसिडर. पाटबंधारे खात्यात असताना अण्णा तिच्यात पुढं, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फायली घेऊन बसत. मागं मोठे साहेब, त्यांचा टॉवेल आणि त्यांची झोप. खात्यानं गाडी लिलावात काढली तेव्हा अण्णांनी ती घेतली, सरकारी पांढरा रंग खरवडून मोरपंखी लावला आणि आईला मागच्या सीटवर बसवून पाचोडच्या आठवडी बाजाराला नेलं. साहेबांच्या जागेवर वांगी आणि कोथिंबीर ठेवून दोघं परत आले. आई गेल्यानंतर गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

आता त्यांना ती पुन्हा मोरपंखी झालेली बघायची होती. चालवायची नव्हती, फक्त बघायची होती.

जुन्या मोंढ्याच्या मागं एक डेंटर होता. त्याच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं, पण रंग पातळ लागल्यामुळं खालचं जुनंही वाचता यायचं. कुठल्याही मताचं गिऱ्हाईक समाधानानं आत जाई. हैदराबादच्या नवाबांच्या गाड्या आपण ठोकल्यात, असं तो सांगे. कुठल्या नवाबांच्या, असं विचारलं की चहा मागवी.

गाडी ओढून त्याच्याकडं नेली तेव्हा त्यानं पुढच्या मडगार्डवर बोटानं टिचकी मारली.

"बडे साहब, ये तो अंदर से पापड हो गया. सडलेला कापतो, नवा पत्रा जोडतो, वरून पुट्टी मारतो. दिवाळीला गाडी दारात."

"पुट्टी नाही," अण्णा म्हणाले.

"पुट्टी तर सगळेच मारतात साहब."

"म्हणूनच नाही."

कारण मला माहीत होतं. अण्णांची उमर कालव्यांवर गेली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी भेगांवर गिलावा मारायचा, उद्घाटनाची फीत कापायची आणि पाणी सोडल्यावर सगळं गिलाव्यासकट वाहून जायचं, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की वरून भरलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. पत्रा ठोकून, कानशीनं घासून, काही न भरता सपाट झाला पाहिजे. शिवाय खात्याचा नियम: नमुना मंजूर झाल्याशिवाय पुढचं काम नाही. आधी हे एक मडगार्ड. ते पसंत पडलं, की मग दारं, डिक्की आणि रंग.

डेंटरनं मान डोलावली. इतकी तत्त्वं असलेलं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं. सोबतचे कारागीर शेंद्र्याच्या कारखान्यांत लागल्यापासून तो एकटाच होता, त्यामुळं त्यालाही घाई नव्हती.

सडलेला भाग कापला, थिगळ वेल्डिंगनं जोडलं. वेल्डिंगच्या आचेनं आजूबाजूचा पत्रा फुगला. मग तो फुगवटा लाल होईस्तोवर तापवायचा आणि ओल्या फडक्यानं दाबायचा. चर्र आवाज यायचा, पत्रा आकसायचा. मग आतून लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडी. मग कानस. शेवटी डेंटर डोळे मिटून मडगार्डवरून तळवा फिरवी. उंचसखलपणा डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो, असं तो म्हणे.

अण्णांना हे फार आवडलं. आपल्याकडं शिल्लक असलेल्या गोष्टीचा अखेर कुठंतरी उपयोग होता. डेंटरच्या सुट्टीचा शुक्रवार सोडून आम्ही रोज संध्याकाळी तिथं जाऊ लागलो. अण्णा तळवा फिरवत आणि एका जागी थांबत.

"इथं."

डेंटर हात लावून बघे. "व्हय, थोडंसं है."

पुन्हा कानस. दुसऱ्या दिवशी पुन्हा "इथं", चार बोटं पलीकडं. डेंटर खोटं बोलत नव्हता आणि अण्णाही. दोघांनाही खरोखरच काहीतरी लागत होतं. पण कानस उंचवटा खाते तसा पत्राही खाते. एका संध्याकाळी मडगार्डच्या माथ्यावर घासता घासता उजेड आरपार आला.

"लई पातळ झाला होता साहब," डेंटर म्हणाला. "मैं तो पहलेच बोलनेवाला था."

पुन्हा कापणं, नवं थिगळ, नवी आच, नवा फुगवटा.

दिवाळी गेली. मधल्या काळात जुन्या गाड्यांची मिरवणूक काढणाऱ्या एका मंडळाचे अध्यक्ष वर्कशॉपमध्ये आले, बरोबर शाल आणि फोटोग्राफर घेऊन. आमच्या गाडीला ते शहराचा वारसा म्हणाले. वारसा त्या वेळी विटांवर उभा होता आणि त्याला एक मडगार्ड नव्हतं. अध्यक्षांनी शाल अण्णांना द्यावी की बॉनेटवर घालावी, यावर क्षणभर विचार केला आणि बॉनेटवर घातली. फोटो चांगला येतो.

"पुट्टी मारून टाका हो काका," जाताना ते म्हणाले. "दुरून कुणाला कळतंय?"

त्या माणसाचं पहिल्यांदाच मला पटलं. अण्णांचं बघणं तोवर नळीतून बघितल्यासारखं झालं होतं. ताटातली भाजी दिसे, शेजारची वाटी दिसत नसे. घरी आल्यावर मी विषय काढला.

"अण्णा, मारू द्या पुट्टी. आठ दिवसांत रंग होईल. तुम्हाला बघायचीय ना?"

"बघायचीय म्हणून तर."

"पण तोवर..."

"तोवर काय?" त्यांनी विचारलं. मी वाक्य पुरं करावं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "आईला सांगितलं असतंस तू, पुट्टीच्या गाडीत बस म्हणून?"

आई आनंदानं बसली असती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

नळी बारीक होत गेली. एका सकाळी अण्णांनी दिवा लावायला सांगितलं. दिवा लागलेलाच होता. डॉक्टरांकडं जाऊन आलो, पण तिथं नवीन काही कळलं नाही. आठवडाभर ते कुठंही गेले नाहीत. मग एका संध्याकाळी चप्पल पायांनी चाचपत म्हणाले, "चल, मडगार्ड झालं असेल."

मडगार्ड खरंच झालं होतं. डेंटरनं ते दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं होतं. साहेब येऊन पसंत करतील मग प्रायमर मारू, म्हणून पत्रा उघडाच होता. आम्ही आलो नव्हतो त्या दिवसांत त्यावर गंज धरला होता, आणि तो सगळीकडं सारखा नव्हता. जिथं घामाचे हात रोज फिरले होते तिथं पंजे उमटले होते, तांबूस, बोटांसकट. काही रुंद, डेंटरचे. काही लांब बोटांचे, अण्णांचे.

अण्णांनी तळवा ठेवला. माथ्यावरून खाली आणला, परत वर नेला. उंचवटा कुठंच नव्हता. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग बोटं थांबली.

"खरखरीत लागतंय. काय आहे हे?"

डेंटरनं माझ्याकडं पाहिलं.

"धूल है साहब," तो म्हणाला.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, त्याची नीट घडी केली आणि पुसायला लागले. थोडं पुसून बोट लावून बघत, आणि पुन्हा पुसत.